भाजीवर तारीख कुणी छापली?



या मालिकेत आपण आजवर किल्ले पाहिले, लढाया पाहिल्या, तह पाहिले. आजचा विषय आहे कोबी, काकडी, सफरचंद आणि त्यांच्या पिशवीवर छापलेली तारीख. हसू नका. ज्या गोष्टीपायी खाण्याजोगी भाजी घराघरांतून कचऱ्यात जाते, तिलाही इतिहास असतो. तो ठाऊक असला तर पैसा वाचतो, अन्न वाचतं आणि पोटही सांभाळलं जातं.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, बेळगाव, हैदराबाद, बंगळुरूला असा किंवा माझ्यासारखे डेहराडूनला. सुपरमार्केटात गेलात की एकच दृश्य. प्लास्टिकच्या तबकात झाकलेली ब्रोकोली, जाळीच्या पिशवीतली संत्री, पारदर्शक वेष्टनात घट्ट गुंडाळलेली काकडी. प्रत्येकावर चिठ्ठी. चिठ्ठीवर कुठे 'पॅक केल्याची तारीख', कुठे 'बेस्ट बिफोर', कुठे 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी'. आपण बहुतेक जण या सगळ्यांचा एकच अर्थ लावतो: तारीख उलटली, माल बाद.

प्रत्यक्षात या तारखा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी आणि वेगवेगळ्या लोकांच्या सोयीसाठी जन्माला आल्या. त्यांचा प्रवास आज क्रमाने पाहू.

बंद डब्याची अडचण

सुरुवात सैन्यापासून करतो. १७९५ साली फ्रान्स चहूबाजूंनी युद्धात गुंतलेला होता. सैन्याला आणि आरमाराला टिकाऊ अन्न पुरवण्याची युक्ती शोधणाऱ्याला तिथल्या सरकारने १२,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्याने वर्षानुवर्षं खटपट केली. काचेच्या बरणीत अन्न भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बरणी उकळत्या पाण्यात ठेवायची, ही त्याची रीत. १८१० साली त्याला बक्षीस मिळालं आणि त्याच वर्षी त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने छापली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने धातूच्या डब्यांसाठी पेटंट घेतलं. १८१३ पर्यंत लंडनच्या बर्मंडसी भागातल्या कारखान्यातून डबाबंद मांस ब्रिटिश सैन्य आणि आरमाराकडे जाऊ लागलं होतं.

गंमत अशी, की डब्यातलं अन्न का टिकतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लुई पाश्चरने जंतूंचं काम उलगडून दाखवलं ते त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी. तोवर डबा म्हणजे विश्वासाचा मामला.

हा विश्वास १८५२ साली जोरात आपटला. त्या वर्षी जानेवारीत गॉस्पोर्टच्या आरमारी कोठारात मांसाचे डबे फोडून तपासायला घेतले, तर बहुतेक डबे नासलेले निघाले. दुर्गंधी असह्य होती. पुरवठादार होता स्टीफन गोल्डनर. प्रकरण थेट ब्रिटिश संसदेच्या चौकशी समितीपर्यंत गेलं.

यातून जो प्रश्न उभा राहिला तो आजच्या विषयाचं मूळ आहे. डब्याला डोळा लावता येत नाही, नाक लावता येत नाही. आतला माल कसा आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडला की तो साठवणीचा राहत नाही. मग बाहेरून काहीतरी साक्ष हवी: कुणी भरला, कुठे भरला, कधी भरला. तारखेची गरज या बंद डब्याने निर्माण केली.

आमच्या नोकरीत हा फरक अगदी स्पष्ट पाळला जायचा. डबाबंद माल आला की त्यावरचा शिक्का वाचायचा, बनवल्याचा महिना आणि वर्ष नोंदवायचं, आणि ठरलेला साठवणकाळ, ज्याला पुरवठ्याच्या भाषेत 'ईएसएल' म्हणतात, तो मोजायचा. आधी आलेला माल पुढे, नंतर आलेला मागे. पण भाजी, फळं, अंडी, मांस यांना फौजेत एकत्रितपणे 'फ्रेश' म्हणतात, आणि फ्रेशची तपासणी हाताने व्हायची. ट्रक आला की लंगरचा हवालदार पोत्याच्या तळातून एक गड्डा ओढून काढायचा, मधून चिरायचा, वास घ्यायचा. शेंग मोडून पाहायचा. "साहेब, वरचं पोतं सगळेच चांगलं ठेवतात," असं म्हणत तो नेहमी खालचं पोतं उघडायला लावायचा.

बर्फाने रस्ते बंद होणाऱ्या ठिकाणी बटाटे-कांदे महिनोन् महिने पुरवायचे असत. तिथेही पोत्यावर 'या दिवसापर्यंत खा' असं कुणी लिहीत नसे. पोती उपसायची, बटाटे खालीवर करायचे, मऊ पडलेला एकेक वेचून फेकायचा. एक नासका आंबा आढी नासवतो, हे कोकणातल्या जवानाला सांगावं लागत नव्हतं.

दुकानदार मधून उठला

डब्याचा नियम ताज्या भाजीला कधी लागू झाला? त्यासाठी दुकान बदलावं लागलं.

जुन्या दुकानात गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये दुकानदार उभा असे. तुम्ही मागायचं, त्याने द्यायचं. माल वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी भांडायला तोंड समोर असे. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने 'पिग्ली विग्ली' नावाचं दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकाला स्वतः फिरून माल उचलायला सांगितलं. दुकानदार मधून उठला. आता मालानेच स्वतःबद्दल बोलायचं होतं, आणि माल बोलतो तो वेष्टनावरच्या अक्षरांतून.

त्याच सुमारास पारदर्शक वेष्टन आलं. जॅक ब्रांडेनबर्गर या स्विस माणसाने सेलोफेन शोधलं आणि १९२७ साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत ओलावा रोखणारं सेलोफेन तयार झालं. अन्न गुंडाळायला हेच हवं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्वयंसेवेची पद्धत ब्रिटनमध्येही रुजली. १९५० साली सेन्सबरीने क्रॉयडनला आपलं पहिलं असं दुकान उघडलं.

भाजीच्या दृष्टीने इथे मोठा बदल झाला. वेष्टनातली काकडी डोळ्यांना दिसते, पण तिला बोटाने दाबता येत नाही, तिचा वास घेता येत नाही. मुद्दाम कुणी केलं नसेल, पण उघड्यावरची भाजी अर्धीमुर्धी बंद डब्यासारखी झाली. आणि डबा म्हटला की तारीख मागोमाग आली.

कोठारातली खूण फडताळावर येते

मार्क्स अँड स्पेन्सर हे नाव तुम्ही कपड्यांमुळे ऐकलं असेल. १८८४ साली लीड्सच्या बाजारातल्या एका पालात सुरू झालेला हा धंदा १९३१ पासून खाद्यपदार्थही विकू लागला. १९५० च्या दशकात या कंपनीने आपल्या कोठारांमध्ये मालावर तारखा घालायला सुरुवात केली. त्या गिऱ्हाइकासाठी नव्हत्या. कुठला माल आधी बाहेर काढायचा हे कोठारातल्या माणसाला कळावं, एवढाच हेतू. आमच्या फौजी कोठारातलाच हिशोब: जुना पुढे, नवा मागे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच तारीख 'सेल बाय' या नावाने गिऱ्हाइकासमोर आली. शब्दाकडे नीट पाहा: 'सेल बाय', म्हणजे 'या दिवसापर्यंत विका'. विकायचं कुणी? दुकानाने. ही सूचना दुकानाच्या नोकराला आहे. घरी नेल्यावर पदार्थ आणखी काही दिवस चांगला राहावा, एवढी सवड ठेवूनच ती काढलेली असते. पण फडताळावर ती वाचत होती घरची मंडळी, आणि त्यांनी तिचा अर्थ लावला, 'या दिवसापर्यंत खा'. दुसऱ्याला लिहिलेली चिठ्ठी आपण आपली समजून वाचू लागलो.

अमेरिकेतली कथा थोडी वेगळी आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. तिथे कारखानदार मालावर तारीख घालत, पण सांकेतिक अंकाक्षरांत. कारखान्याला आणि दुकानाला कळे, गिऱ्हाइकाला कळत नसे. शहरी माणूस शेतापासून दूर गेला होता, कोणता पदार्थ किती जुना आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते सांगत नव्हते. १९७० च्या दशकात ग्राहकांनी याविरुद्ध आवाज उठवला. न्यूयॉर्क राज्याच्या ग्राहक संरक्षण मंडळाने तर हे संकेत उलगडून सांगणारी पुस्तिकाच काढली. दबाव वाढला तशी एकेक दुकानसाखळी उघड तारीख छापू लागली.

गुंड अल कॅपोनने दुधाच्या बाटल्यांवर तारीख घालायला लावली, अशी एक गोष्ट समाजमाध्यमांवर फिरते. तिला भरवशाचा पुरावा नाही. खरं श्रेय साध्या ग्राहकांचं आहे. म्हणून तारखेची सरसकट टिंगल करणाऱ्यांत मी नाही. ती एका न्याय्य मागणीतून आली. लोकांना एवढंच हवं होतं, की माल कधीचा आहे ते सांगा.

पण त्यांना मिळालं काय? ते म्हणत होते 'कधीपासून'. दुकानांनी छापलं 'कधीपर्यंत'. या दोन शब्दांतला फरक नीट समजून घेऊ, कारण माझ्या मते सगळा घोळ इथे आहे.

फौजेत टेहळणीचा अहवाल लिहायला शिकवतात तेव्हा पहिला धडा असा असतो: जे पाहिलं ते वेगळं लिहा आणि त्यावरून जे वाटतं ते वेगळं लिहा. 'पुलावरून सहा गाड्या गेल्या' ही माहिती. 'उद्या हल्ला होईल' हा अंदाज. दोन्ही उपयोगी आहेत, पण अंदाज माहितीच्या रकान्यात लिहिला तर वाचणारा फसतो. भाजी अमुक दिवशी तोडली, अमुक दिवशी बांधली, ही माहिती आहे. ती अमुक दिवसापर्यंत उत्तम राहील, हा अंदाज आहे. चिठ्ठीवर दोन्ही सारख्याच ठसठशीत आकड्यांत छापलेले असतात आणि आपण अंदाजाला माहिती समजून बसतो.

१९७९ साली अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने उघड तारखांवर एक सविस्तर अहवाल दिला. या तारखांमुळे ताजेपणाची कल्पना येते, पण जंतूंपासूनच्या सुरक्षिततेत विशेष भर पडते असं दिसत नाही, असा त्याचा सूर होता. आजही अमेरिकेत लहान बाळांच्या दुधाच्या भुकटीखेरीज इतर अन्नावर तारीख घालण्याची सक्ती करणारा देशव्यापी कायदा नाही. जे आहे ते राज्याराज्यांचं. कॅलिफोर्नियाने तर २०२४ साली कायदा करून गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या 'सेल बाय' तारखेवर १ जुलै २०२६ पासून बंदी घातली.

कायद्याने कोबीला सूट दिली होती

आता एक गोष्ट सांगतो जी ऐकून बरेच जण चमकतात.

डिसेंबर १९७८ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने अन्नाच्या चिठ्ठ्यांबद्दल निर्देश काढला. वेष्टनबंद अन्नावर टिकण्याची तारीख हवी, असं त्यात ठरलं. पण त्याच निर्देशात सूट होती: न सोललेली, न चिरलेली ताजी फळं आणि भाज्या, बटाट्यांसह, यांना तारखेची गरज नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर अन्नाची मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगानेही आपल्या चिठ्ठ्यांच्या मानकात तीच सूट ठेवली. आणि आपल्याकडे? अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. त्याखालच्या नियमांत, २०२० च्या चिठ्ठीविषयक नियमांतसुद्धा, न सोललेल्या, न चिरलेल्या ताज्या फळभाज्यांना टिकण्याच्या तारखेतून सूट आहे.

म्हणजे अख्ख्या कोबीवर 'बेस्ट बिफोर' छापा, असं कायद्याने सांगितलेलं नव्हतं. दुकानांनी ते सोयीसाठी केलं. सगळ्या मालाला एकच पद्धत, नोकरांना जुना माल ओळखायला सोपं, आणि 'आमच्याकडे सगळं ताजं' ही प्रतिमा.

कायदे करणाऱ्यांनी सूट का दिली याचं कारण शेतकऱ्याला विचारा. तोडलेलं फळ मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, पाणी सोडतं, उष्णता सोडतं. हापूस झाडावरून काढताना कठीण असतो. आढीत घातल्यावर तो पिकतो, म्हणजे काही दिवस तो वाईट न होता चांगलाच होत जातो. केळी, टोमॅटो, चिकू यांचंही तसंच. आणि हा वेग तापमानावर चालतो. तापमान १० अंशांनी वाढलं की फळभाजीचा श्वासोच्छ्वास साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. एकाच शेतातून एकाच सकाळी तोडलेल्या दोन पालेभाज्यांच्या जुड्या घ्या. एक फ्रिजमध्ये ठेवा, दुसरी मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर. दोन्हींवर एकच तारीख छापून काय साधणार? उलट केळं फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते. तारीख छापणाऱ्याला तुमचं घर ठाऊक नसतं.

तारीख परत कोठारात

पुढचा अध्याय पुन्हा ब्रिटनमधला आहे. २०११ साली तिथल्या सरकारने दुकानांना सल्ला दिला, की 'सेल बाय', 'डिस्प्ले अनटिल' अशा दुकानाच्या कामाच्या तारखा गिऱ्हाइकासमोरून काढा, लोकांचा गोंधळ होतो. २०१८ साली टेस्कोने शंभरहून अधिक फळभाज्यांवरची 'बेस्ट बिफोर' तारीख काढली.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये अन्ननासाडीवर काम करणाऱ्या 'रॅप' या ब्रिटिश संस्थेने पाच वस्तूंचा अभ्यास प्रसिद्ध केला: सफरचंद, केळी, ब्रोकोली, काकडी आणि बटाटा. ४ अंशांवर फ्रिजमध्ये ठेवलेल्या सफरचंदांवर, छापील तारीख उलटून अडीच महिने होईपर्यंत खराबीची खूण दिसली नाही. ब्रोकोली तारखेनंतर दोन आठवड्यांहून जास्त चांगली राहिली. वेष्टनाने या मालाचं आयुष्य फारसं वाढतही नव्हतं. या पाच वस्तू सुट्या विकल्या आणि त्यांवरची तारीख काढली, तर ब्रिटनच्या घरांतली सुमारे १ लाख टन नासाडी टळू शकते, असा त्यांचा हिशोब होता.

त्याच वर्षी जुलैमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने ३०० हून अधिक फळभाज्यांवरून 'बेस्ट बिफोर' तारीख काढून टाकली. सप्टेंबरपासून वेट्रोजने जवळजवळ ५०० ताज्या वस्तूंवरची काढली. अर्धशतकापूर्वी ज्या दुकानाने तारीख फडताळावर आणली, त्यानेच ती उतरवली.

मात्र मालाची अदलाबदल करायला दुकानाला काहीतरी खूण हवीच. म्हणून मार्क्स अँड स्पेन्सरने तारखेऐवजी एक सांकेतिक खूण छापायला घेतली, ती फक्त नोकरांना कळेल अशी. लक्षात आलं ना? जे संकेत उलगडायला एकेकाळी पुस्तिका काढाव्या लागल्या, ते परत आले. नासाडी थांबवायला हे पाऊल चांगलं आहे, माझा त्याला पाठिंबाच आहे. पण माल कधीचा आहे हे पुन्हा एकदा दुकानालाच ठाऊक आणि आपल्याला नाही, हेही डोळ्यांआड करू नये. 'कधीपर्यंत' काढलंत, बरं केलंत. 'कधीपासून' कुठे आहे?

आपल्या पिशवीतली चिठ्ठी

आता आपल्याकडे येऊ. आपल्या सुपरमार्केटात भाजी तोलून घेतली की काट्याच्या यंत्रातून चिठ्ठी निघते. तिच्यावरची तारीख असते तोलल्याची. भाजी शेतातून कधी निघाली, हे ती सांगत नाही. सफरचंदाचंच घ्या. काश्मीर आणि हिमाचलची सफरचंदं मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात उतरतात. त्यातला बराच माल नियंत्रित हवेच्या शीतगृहात जातो. तिथे प्राणवायू कमी ठेवतात, तापमान शून्याच्या आसपास ठेवतात, आणि फळ जणू झोपून राहतं. एप्रिल-मे महिन्यात ते बाहेर येतं आणि त्यावर चिठ्ठी लागते आजची. यात लबाडी नाही, माल चांगलाच असतो. पण 'पॅक केल्याची तारीख' म्हणजे 'तोडल्याची तारीख' नव्हे, एवढं समजून असावं. आपल्या नाशिक-नगरकडचा उन्हाळ कांदासुद्धा चाळीत चार-पाच महिने राहून येतो. कांदेवाला तो तारखेने ओळखत नाही. साल सुटलीय का, मानेला मऊ आहे का, कोंब आलाय का, हे पाहतो.

पण मंडळी, या सगळ्याचा अर्थ 'तारीख विसरा' असा मुळीच काढू नका. चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली: 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची तारीख आहे, 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही सुरक्षिततेची. पहिली उलटली तर पदार्थ तपासून ठरवा. दुसरी उलटली तर वाद घालू नका, टाकून द्या. दूध, पनीर, मांस, मासे यांत धोकादायक जंतू वाढले तरी वास किंवा रंग बदलेलच असं नाही. तिथे नाकावर भरवसा ठेवणं हा शहाणपणा नव्हे.

दुसरी: सुरी लागली की नियम बदलतो. अख्खं कलिंगड आणि चिरलेलं कलिंगड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साल हा फळाचा कोट. तो फोडला की आत जंतूंना ओलावा आणि साखर, दोन्ही मिळतं. म्हणून कायद्याची सूट न चिरलेल्या मालालाच आहे. चिरलेली फळं, सोललेला लसूण, निवडून बारीक केलेली भाजी यांवरची तारीख पाळाच, आणि हा माल थंड फडताळात ठेवलेला नसेल तर तारीख पुढची असली तरी घेऊ नका.

तिसरी: काही धोके तारखेला कळतच नाहीत. दुधी भोपळा घ्या. सकाळीच वेलीवरून काढलेला, टवटवीत दुधीही कडू निघू शकतो, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसं गंभीर आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा सल्ला साधा आहे: रस काढण्यापूर्वी तुकडा चाखा, कडू लागला तर फेका. आपल्या आया-आज्या काकडीचं टोक कापून चाखायच्या, ते उगाच नव्हे. हिरवट पडलेला बटाटाही असाच. तारीख काहीही म्हणो, हिरवा भाग काढा, फारच हिरवा असेल तर टाका. मऊ फळावर बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून बाकीचं खाऊ नका.

चौथी: जागा आणि तापमान सांभाळा. पालेभाजी, ब्रोकोली, सफरचंद फ्रिजमध्ये. केळी बाहेर. कांदे आणि बटाटे कोरड्या, हवेशीर, अंधाऱ्या जागी, पण एकाच टोपलीत नकोत. एकमेकांना लवकर बिघडवतात. आणि आठवड्यातून एकदा टोपली उपसून मऊ पडलेलं वेचून काढा.

शेवटचा मुद्दा

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. सगळा दोष तारखेचा नाही. जास्तीची खरेदी आहे, हेळसांड आहे. पण त्या ढिगात एक भाग असाही आहे, जो कुणीतरी हातात घेतला, चांगला आहे हे पाहिलं, आणि तरीही आकडा वाचून टाकला. तो भाग उगवायला पाणी लागलं, खत लागलं, कुणाची तरी कंबर वाकली. तो आपल्या हातात आहे.

म्हणून माझं सांगणं दोन वाक्यांत. छापलेला अंदाज वाचा, पण अख्ख्या फळभाजीच्या बाबतीत निकाल तुमचे डोळे, नाक, बोटं आणि जीभ यांना देऊ द्या. आणि माहिती मात्र मागत राहा. मंडईत आपण सहज विचारतो, "मावशी, मेथी आजची का कालची?" आणि त्या सांगतात, "कालची आहे, घ्या दोन रुपये कमी." हाच प्रश्न सुपरमार्केटातल्या माणसाला विचारा: हा माल केव्हा आला, कुठून आला, थंड जागेत होता का? आज त्याला उत्तर येणार नाही. पण शंभर जणांनी विचारलं की तो त्याच्या वरच्याला विचारेल. १९७० च्या दशकातल्या ग्राहकांनीही सुरुवात विचारण्यापासूनच केली होती.

पुढच्या भागात भेटू. तोवर टोपलीतले बटाटे एकदा खालीवर करा. जय हिंद.